अंगणातला हेर

मी त्याला पहिल्यांदा भेटले ती दगड मारून.

फाल्गुन सरत आला होता. मोह गळायला लागला होता आणि उजाडता उजाडता मी टोपली घेऊन आमच्या झाडाखाली वाकले होते. हवेत तो गोड, जडसर वास... डोकं हलकं करणारा. या दिवसांत मोह खायला अस्वलंही येतात. त्यामुळे पलीकडच्या झाडाआड काळं काहीतरी सरकलं, बसलं, पुन्हा सरकलं, तेव्हा मी विचार करत बसले नाही. हाताला आला तो दगड भिरकावला.

अस्वल "आई गं" म्हणालं.

झाडामागून काळी घोंगडी पांघरलेला एक पोरगा उभा राहिला. वीसेक वर्षांचा असेल, पण चेहरा असा कोवळा की सोळाचा वाटावा. मिशीची नुसती रेघ होती. तो कपाळ चोळत होता.

"इतक्या जोरानं मारते का कोणी?"

"अस्वलाले हळू मारत नाई."

"मी अस्वल दिसून राह्यलो का?"

मी नीट पाहिलं. "नाई. अस्वल लपलं तं दिसत नाई. तू कवाचा दिसून राह्यला."

हे त्याला दगडापेक्षा जास्त लागलं. चेहराच पडला बिचाऱ्याचा. "खरंच दिसत होतो?"

"सगळा. का करून राह्यला होता तिथी?"

"सराव..." तो घुटमळला. "लपाचा. मी हेर आहो."

"हेर म्हणजे?"

"कोणाले कळू न देता सगळं पाहाचं, ते."

"मंग तू दुसरं काम पाह्य."

तो हसला. असं हसला की मीच वळून मोह वेचायला लागले. तोही खाली बसला आणि फुलं उचलून माझ्या टोपलीत टाकायला लागला, मातीसकट, पाल्यासकट. मी ती एकेक बाहेर काढत होते आणि तो टाकतच होता.

"तुहं नाव का?" मी विचारलं.

"हेर नाव सांगत नाई."

"मंग मी बी सांगत नाई," मी म्हटलं आणि टोपली डोक्यावर घेतली.

घरी पोचले तर हेर माझ्याआधी आमच्याच अंगणात बसलेला. कपाळावर टेंगूळ, शेजारी गावचे सोमाजी पाटील, आणि समोर माझा बा, जंगू मडावी.

खरी गोष्ट मला पुढे कळली, ती इथेच सांगून टाकते. मुंबईची एक सिनेमा कंपनी आमच्या रानात येणार होती. 'पळसगडचा हेर' नावाची पोरासोरांची एक कादंबरी होती, तिच्यावर सिनेमा. त्यातला सोळा वर्षांचा अजित रानातल्या एका घरी गडी बनून राहतो आणि चोरून बंदुका आणणाऱ्या ठेकेदारावर नजर ठेवतो. दिग्दर्शकसाहेबांनी नागपूरच्या एका नाटकात हातात भाला घेऊन गप्प उभा असलेला पोरगा पाहिला, त्याचा चेहरा त्यांना आवडला, आणि त्यांनी त्याला अजित केला. पण हात शहरातले, मऊ. म्हणून कंपनी यायच्या आधीच त्याला आमच्याकडे धाडला, गड्याची कामं शिकायला. पाटलांना वाटलं, एवढं लांबण जंगूला कशाला सांगायचं. त्यांनी आटोपशीर सांगितलं.

"जंगू, हा पोरगा तुह्या घरी राहीन. लाकडं फोडीन, पाणी भरीन, बैलं चारीन. पैसा घेणार नाई. दोन येळचं जेवण दे म्हणजे झालं."

बानं त्याच्याकडे पाहिलं. "आडनाव का रे?"

"आत्राम. दसरू आत्राम. आमचे बाबा नागपूरले रेल्वेत आहेत."

बानं मायकडे पाहिलं. मायनं माझ्याकडे पाहिलं. मी टोपलीकडे पाहिलं.

आत्रामांचे कुळदेव वेगळे, आम्हा मडाव्यांचे वेगळे, म्हणजे सोयरीक होते. आणि आमच्या गोंडांत लग्नाआधी पोरगा पोरीच्या घरी येऊन राहायची रीत आहे. मजुरी न घेता तो तिथे राबतो, वर्ष म्हणा, दोन वर्षं म्हणा. घरच्यांना पटला की लग्न लागतं. त्याला लमसेना म्हणतात. आता एक बिनलग्नाचा आत्राम पोरगा, एकोणीस वर्षांची पोरगी असलेल्या घरी, फुकट राबायला आला तर त्याला आमच्या टोल्यात, म्हणजे वस्तीत, दुसरं कोणतं नाव असणार?

"बरं जंगूभाऊ," दसरू म्हणाला, "मी आजपासूनच..."

"भाऊ नको म्हणू," बा म्हणाला. "मामा म्हण."

आमच्यात सासऱ्याला मामा म्हणतात. दसरूला वाटलं, माणसं मायाळू आहेत. तो आनंदानं "बरं मामा" म्हणाला आणि माझी माय डोळे पुसत आत गेली.

त्याच दिवशी दुपारी तो मला सगळं सांगून बसला. कादंबरी दाखवली, कंपनी कधी येणार ते सांगितलं. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला समजलं. मी धावत बाच्याकडे गेले.

"बा, तो सिनेमात काम करते."

"करू दे," बा म्हणाला. "त्याचा बाप रेल्वेत करते, हा सिनेमात करते. सिनेमावाल्याचं लगन होत नाई का?"

मी आल्या पावली परत फिरले. आणि तिथूनच माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो कित्येक महिने थांबला नाही. याला माहीत आहे की नाही? का याच्या बापानंच सिनेमाचं निमित्त करून पाठवलाय? सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते 'नाही' असतं तर तो दुसऱ्याच दिवशी पाटलाच्या घरी राहायला गेला असता. म्हणून मी गप्प बसले, आणि रोज सकाळी तो अंगणात दिसला की जीव थाऱ्यावर यायचा.

कामात त्याची तऱ्हा विचारू नका. कुऱ्हाड एकीकडे, लाकूड एकीकडे. पाणी आणायचा ते अर्धं वाटेत सांडून. आमचा पांढरा बैल त्याच्या हाताचं खाईना. मंगली, माझी मैत्रीण, कुंपणावरून डोकावून म्हणायची, "सुकरे, तुहा लमसेना लाकूड फोडून राह्यला का लाकूड त्याले?" मी डोळे वटारले की ती आणखी मोठ्यानं हसायची.

पण तो सोडत नव्हता. तळहाताला फोड आले, फुटले. संध्याकाळी मायनं मोहाच्या बियांचं तेल आणि हळद माझ्या हातात दिली आणि मुद्दाम शेजारी जाऊन बसली. मी त्याच्यासमोर बसले. त्यानं हात पुढे केला.

"दुखते का?"

"आता नाई दुखत."

"अजून लावलं कुठी?"

"म्हणून तं." तो माझ्याकडे बघत होता. मी तेल जरा जोरात चोळलं. तो कळवळला.

"असं काऊन पाहून राह्यला?"

"हेराले पाहावंच लागते. सवय करून राह्यलो."

"का पाह्यलं मंग आज?"

"तू चुलीपाशी गाणं म्हणते आन कोणी आलं का खोकलते. पांढऱ्या बैलाले जास्त पेंढा टाकते, लाल्याले कमी. मंगली आली का माह्याकडे पाहत नाई. गेली का पाहते."

माझे कान तापले. "हे कोणाले सांगशील?"

"हेर सांगत नाई," तो म्हणाला.

दुपारी मी मोह वाळत घालायची आणि तो मांडवाखाली बसून कादंबरी वाचून दाखवायचा. त्यातल्या घरची पोरगी चंपा. गोरी, नाजूक, वाऱ्यानं हलणारी. अजित दिसला की ती पदराचं टोक चावायची.

"हिले काम नाई का घरी?" मी विचारायची.

"गोष्ट आहे सुकरे."

"गोष्टीत बी भात कोणाले तरी रांधावाच लागन."

शेवटचं पान आलं तेव्हा तो वाचेना. मी मागे लागले तेव्हा सांगितलं. ठेकेदार पकडला जातो, अजितचं काम संपतं. तो घोंगडी खांद्यावर टाकतो, अंगण ओलांडतो आणि मागे वळून न पाहता निघून जातो. चंपा दारात उभी राहते.

"तिले काही सांगत नाई?"

"नाई. देशाचं काम असते ना."

"देश थांबला असता जरासा," मी म्हटलं आणि उठून गेले. मला रडू का येत होतं ते मलाच कळेना. चंपा काही माझी कोणी नव्हती.

मग चैत्रात एक दिवस अवकाळी सर आली. आम्ही नाल्यावर बैल धुवायला गेलो होतो. टपटप मोठे थेंब, तापल्या वाळूचा वास, आणि आम्ही दोघं पळत जाऊन एका टेंभराच्या झाडाखाली. पानांतून पाणी त्याच्या केसांवर पडत होतं. मी हसत होते. तो हसत नव्हता.

"का झालं?"

"काही नाई..." तो थांबला. "तुह्याजवळ आलो का मले माहं नाव आठवाले वेळ लागते."

बैल नाल्यात उभे होते. पाऊस चालूच होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं, एरवी मी एवढी बोलकी. शेवटी मी "बैल वाहून जातीन" असं म्हटलं आणि घोट्याएवढ्या पाण्यात बैलांकडे पळाले.

त्या रात्री मी ठरवलं, याला सगळं माहीत आहे. लमसेना आहे म्हणूनच तो असं बोलला. मी इतकी खूश होते की मायनं मिठाबद्दल विचारलं तर मी साखर दिली.

आणि दोनच दिवसांनी कंपनी आली.

ट्रक, जीप, तारा, दिवे, टोप्या घातलेली माणसं. डाकबंगला भरून गेला. आमचं अंगण सारवून, पुसून, पुन्हा मळकं केलं गेलं. चंपाचं काम करणारी नटी चांगली होती स्वभावानं, पण आमच्या कोंबड्यांना भ्यायची. सगळा टोला बघायला जमायचा आणि साहेबांचा माणूस सगळ्यांना गप्प करायचा.

त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या कुडाआड बसले होते. बाहेर दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. साहेब काहीतरी म्हणाले, दृश्य सुरू करायची फळी वाजली, आणि दसरूचा आवाज आला.

"तुझ्याजवळ आलो की माझं नाव आठवायला मला वेळ लागतो, चंपा."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. साहेब "कट" म्हणाले. त्यांना ते वाक्य एवढं आवडलं की त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा. मग आणखी एकदा. मी कानावर हात ठेवले तरी ते ऐकू येतच होतं. म्हणजे लाकडं फोडायचा सराव, लपायचा सराव, आणि नाल्यावर... तोही सराव.

संध्याकाळी तो विहिरीवर पाणी काढत होता. मी घागर आपटून ठेवली.

"माह्यावर सराव केला ना तू?"

"कायचा?"

"नावाचा. आठवाले वेळ लागते त्याचा."

तो दोर धरून तसाच उभा राहिला. "सुकरे, आयक तं. पुस्तकात ते वाक्य नाईच. साहेबाले तिथलं बोलणं पटत नव्हतं. मले म्हणे, तू असता त्या जागी तं काय बोलला असता? मले दुसरं काही सुचतच नाई. मी जे तुले म्हणलं होतं तेच सांगून बसलो. त्याहीनं लिहून घेतलं."

"मंग आता ते कोणाचं? माहं का चंपाचं?"

त्यानं दोर आणखी घट्ट धरला.

मला राग आला होता आणि रागात मी नेहमी नको तेच बोलते. "तू आमच्या घरी कोण म्हणून आहे, माहीत आहे का तुले?"

"गडी."

"लमसेना." आणि मी सगळं सांगून टाकलं. मामा म्हणायला का लावलं ते, माय का रडली ते, मंगली का हसते ते. तो ऐकत गेला आणि दोर त्याच्या हातातून सरसर सुटत गेला. बादली विहिरीत आदळली.

"मले... मले कोणी सांगितलं नाई," तो म्हणाला. "बाबांनी कवा घरी हे काही काढलंच नाई."

म्हणजे त्याला माहीत नव्हतं. इतके दिवस मी ज्याच्यावर इमले बांधले ते सगळं त्याच्या गावीही नव्हतं.

"आन तुले?" त्यानं हळूच विचारलं. "तुले काय वाटते?"

"मले काऊन विचारते? हेर तू आहे," मी म्हटलं आणि रिकामी घागर घेऊन घरी आले.

पुढचे दिवस तो माझ्याशी बोलला नाही. बाशी बोलायचा, बैलाशीही बोलायचा. माझ्यासमोर आला की मान खाली. मी काय समजायचं ते समजले. रात्री उशी ओली व्हायची आणि सकाळी मी मंगलीला सांगायची की धूर गेला डोळ्यात.

आणि मग शेवटच्या दृश्याचा दिवस आला. अजित जातो, तो.

लमसेना घोंगडी खांद्यावर टाकून फाटकाबाहेर पडला की गावात कोणी काही विचारत नाही. सोयरीक मोडली. पोरगी नापसंत ठरली. मग तिच्यासाठी दुसरा कोणी लवकर येत नाही, आणि बापाला पंगतीत मान वर करता येत नाही. साहेबांना हे कोण सांगणार? त्यांच्यासाठी तो सिनेमा होता. टोल्यातली सगळी माणसं कुंपणाला लागून उभी होती आणि त्यांच्यासाठी तो सिनेमा नव्हता. बा ओट्यावर बसला होता. त्यानं तंबाखू मळायला घेतली होती आणि ती तो नुसती मळतच होता.

फळी वाजली. दसरूनं घोंगडी खांद्यावर टाकली. तो अंगण ओलांडून फाटकापाशी आला आणि थांबला.

"कट. थांबलास का?" साहेब म्हणाले. "सरळ बाहेर जा."

पुन्हा फळी वाजली. पुन्हा तो फाटकापाशी थांबला.

"ऊन चाललंय दसरू. काय होतंय तुला?"

"साहेब, ह्या फाटकातून मी घोंगडी घेऊन जाणार नाई."

"का?"

"इथी लोक खरं समजतीन."

"समजू देत. नंतर सांगू आपण त्यांना."

"नंतर सांगून उपयोग नाई साहेब. तुम्ही मले काढून टाका, चालन. पण मी नाई जाणार."

साहेबांचा चेहरा लाल झाला. एवढी माणसं, एवढी यंत्रं, आणि ऊन खरंच उतरत होतं. मला दिसत होतं, याला आता हाकलून देतील, आणि मग तो खरंच घोंगडी उचलून जाईल. मी दाराआडून बाहेर कधी आले ते मला आठवत नाही.

"साहेब, तुमचा हेर येडा आहे का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"इतके दिवस लपला आन जाताना सगळ्या गावादेखत, समोरच्या फाटकातून जाते? खरा हेर असन तं घोंगडी इथीच ठेवन. खाटेवर अशी पसरून ठेवन का माणूस झोपला आहे असं वाटलं पाह्यजे. आन मागच्या कुंपणातून रिकाम्या हातानं निघून जाईन."

साहेबांनी खाटेकडे पाहिलं, मागच्या कुंपणाकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढली. "हे कादंबरीत का नाही?"

"लिवणाऱ्याच्या मागं कोणी लागलं नसन," मी म्हटलं.

तर शेवट तसा निघाला. घोंगडी आमच्या खाटेवर राहिली आणि दसरू मागच्या कुंपणाच्या भगदाडातून, गुडघे खरचटत बाहेर पडला. ते फोटोवाल्याखेरीज कोणी पाहिलंही नाही. बानं तंबाखू तोंडात टाकली.

कंपनीचं सामान ट्रकवर चढलं तेव्हा तो बासमोर येऊन उभा राहिला. "मामा," तो म्हणाला, "मुंबईले अजून काम बाकी आहे. सिनेमा लागेपर्यंत कंपनी सोडत नाई, तसं कबूल केलं आहे. तो लागला का येतो. घोंगडी राहू द्या."

या वेळी त्याला मामा म्हणजे काय ते माहीत होतं. मी दारात होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मी मान डोलावली. आणि ट्रक धुरळा उडवत सिंदेवाहीच्या वाटेला लागला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की, तो नट आहे. नटाला असं बघता येतं. त्याचं कामच ते.

पाऊस आला. रोवणी झाली. चिखलात वाकून वाकून कंबर मोडली, धान हिरवं झालं, पिवळं झालं. दसरूचा पत्ता नाही. कागदाचा चिटोराही नाही. एक दिवस वाटायचं तो येणार, दुसऱ्या दिवशी वाटायचं तो आता एखाद्या दुसऱ्याच अंगणात दुसऱ्याच कोणाला नाव विसरल्याचं सांगत असेल. नाल्यावर जे बोलला ते खरं होतं? फाटकापाशी थांबला ते खरं होतं? का मी एक सिनेमा आतून पाहिला आणि त्याला आयुष्य समजून बसले?

बायका कुजबुजायला लागल्या. दिवाळीच्या आधी पलीकडच्या टोल्यातल्या मंगरूच्या घरून निरोप आला. पोरगा कष्टाळू आहे, लमसेना राहायला तयार आहे. बानं मला समोर बसवलं.

"मंडईच्या जत्रेपर्यंत वाट पाहू पोरी. तवापर्यंत नाई आला तं मंगरूले हो म्हणू. मी बुढा होऊन राह्यलो."

मी हो म्हटलं. नाही कशाच्या जोरावर म्हणणार होते?

भाऊबीजेनंतर सिंदेवाहीची मंडई भरली आणि मंडईत तंबूचा सिनेमा आला. 'पळसगडचा हेर'. झालं, सगळा टोला गाड्या जुंपून निघाला. मला जायचं नव्हतं. मायनं हात धरून गाडीत बसवलं.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. पडद्यावर आमचं घर आलं आणि तंबूत एकच कल्ला. आमची कोंबडी दिसली, लोकांनी तिला नावानं हाक मारली. पांढरा बैल दिसला तेव्हा बा उठून उभाच राहिला. मग दसरू आला. मी श्वास रोखून बसले.

तो चालत होता तो बांबू गिळल्यासारखा. ठेकेदाराला घाबरायचं तर डोळे मोठे करायचा आणि तसेच ठेवायचा. हसायचं तर दात दाखवायचा. साहेबांनी नुसता चेहरा पाहून घेतलेला पोरगा, त्याला अभिनयाचा अ येत नव्हता. आणि मग नटीसमोर उभा राहून तो ते वाक्य बोलला. तुझ्याजवळ आलो की. माझं नाव आठवायला. मला वेळ लागतो. चंपा. रेल्वेची स्टेशनं सांगावीत तसं, एकेक थांबा घेत. मागून कोणीतरी ओरडलं, "लवकर आठव बावा." सगळा तंबू हसला.

मीही हसले. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मायनं विचारलं तरी मला थांबता येईना. या माणसाला खोटं बोलताच येत नव्हतं. इतक्या लोकांनी शिकवलं, पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तरी जमलं नाही. मग नाल्यावर, पावसात, पहिल्याच झटक्यात जे इतकं सरळ निघालं होतं ते काय असणार? इतक्या महिन्यांचा गुंता एका क्षणात सुटला. माझं त्याच्यावर प्रेम होतं, आणि त्याचं माझ्यावर होतं, आणि मी हे एका अतिशय वाईट सिनेमामुळे ओळखलं.

मी उठून तंबूबाहेर आले. मोकळ्या हवेत, गाड्यांच्या रांगेत, आमच्या पांढऱ्या बैलाला कोणीतरी पेंढा टाकत होतं.

"टोल्यावर गेलो होतो," दसरू म्हणाला. "कोणीच नाई. एकटी शेजारची सुगंधाबाई होती. म्हणे, सगळे तुले पाहाले गेले."

मला बोलायचं खूप होतं. "कागद काऊन नाई टाकला?" एवढंच बोलले.

"कितीकदा बसलो लिवाले. जे लिवीन ते तुले सिनेमातलं वाटन, म्हणून फाडलं." तो जवळ आला. अंधुक उजेडात त्याचा चेहरा वाळलेला दिसत होता. "पाह्यला का सिनेमा?"

"पाह्यला."

"लय खराब आहे ना मी?"

"त्याहून खराब."

"कंपनीनं बी तेच सांगितलं. पुन्हा येऊ नको म्हणे." तो थांबला. "सुकरे, माह्याजवळ आता काही नाई. लाकडं तेवढी फोडता येते. ते बी... बरी. तुले चालन का?"

"चालन," मी म्हटलं. आणि मग एवढ्यानं भागणार नाही असं वाटलं म्हणून पुढे म्हटलं, "तू नसता आला तं बा म्हणे म्हणून मी मंगरूले हो म्हणणार होती. पण जीव नसता लागला माहा. तुह्यातच होता तो. मोह वेचाच्या दिवसापासून."

तो आणखी जवळ सरकला. त्यानं माझा हात धरला, आणि त्याचे तळहात अजून खरखरीत होते.

खेळ सुटला. माणसं बाहेर यायला लागली. बा समोर येऊन थांबला, तसा दसरूनं माझा हात सोडला. बानं त्याला वरून खाली पाहिलं.

"पडद्यावर तं तू भलताच खराब दिसला."

"हो मामा."

"आमचा बैल चांगला होता."

"हो मामा."

बानं त्याच्या हातात कासरा दिला आणि स्वतः मागे, माय आणि माझ्याजवळ येऊन बसला. दसरू पुढे चढला. त्याला गाडी अजूनही नीट हाकता येत नव्हती, पहिल्याच वळणाला चाक दगडावर चढलं. मंगरूकडचा माणूस दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायला येणार होता, आणि त्याला काय सांगणार हे बा अजून बोलला नव्हता. मायनं दोनदा विचारलं. बा पुढे वाकला आणि बैलांना म्हणाला, "सांभाळून चला रे. आज जवाई हाकून राह्यला."